कोण ओरडतं ते पाहू

४ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

पत्र मावशीला वाचून दाखवशील तेव्हा हे पहिलं वाक्य मोठ्याने वाच: मी जेवते, वेळेवर जेवते आणि माझं वजन घटलेलं नाही. आता पुढचं तुझ्यासाठी.

आर्किटेक्ट झालीस तर घर कुठलं बांधतेस, असं तू विचारलंस. हाच प्रश्न इथल्या घरमालकिणीने विचारला आणि लगेच भिंतीला आलेली ओल दाखवली. घर नाही रे बाबा. मी कंपनीची रचना बांधते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आमची कंपनी गळ्यात घालायचं बटण आणि टेबलावर ठेवायचा डबा देते, हे तुला ठाऊक आहेच. मावशीचा डबा तर मी या नोकरीला लागायच्याही आधीचा. बटण दाबलं की डब्यातून केंद्रातली बाई बोलते आणि गरज असेल तर माणूस पाठवते, एवढंच काम. पण कंपनीने वाढता वाढता लहान कंपन्या गिळल्या आणि प्रत्येकीची यंत्रं निराळी निघाली. विक्रीवाल्यांची यादी एक, दुरुस्तीवाल्यांची दुसरी, हिशेबवाल्यांची तिसरीच. धंदा म्हणतो पूर्वेला चला, आणि यंत्रं पश्चिमेला तोंड करून बसलेली. दोघांची तोंडं एका दिशेला वळवायची, आणि उद्या धंद्याने पुन्हा दिशा बदलली तर सगळं मोडावं लागू नये अशी मांडणी करायची, हे माझं काम. कपाटाचा एक खण काढून दुसरा बसवला तरी बाकीच्या खणांतल्या घड्या विस्कटू नयेत, तसं.

मला बसायला जी खोली दिली आहे तिला खिडकी नाही. भिंतभर कागद चिकटवून मी चौकटी आणि बाण काढत असते. लोक मला नकाशेवाली म्हणतात आणि दार लोटून निघून जातात. संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर येते तेव्हा दिवसभरात कोणाशी धड बोललेच नाही, हे ध्यानात येतं. मावशीला हे वाचू नकोस.

तिच्याकडे नवा डबा बसवायला माणूस पाठवला होता, तो येऊन गेला ना? ती नवं बटण गळ्यात घालते का, ते खरं सांग. सगळ्या जगाला नवं देऊन मी आपल्याच माणसाला जुन्यावर ठेवलं तर शोभणार नाही.

तुझी ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,

लोटांगण घातलं आहे असं समज, कंबर धरली आहे म्हणून प्रत्यक्षात घालत नाही. पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. मावशी म्हणाली, "खोटं बोलते. पुढे वाच." पुढचा कामाचा मजकूर मी नेहमीसारखा गाळला. चौकटी आणि बाण सुरू झाले की मावशीला तिसऱ्या ओळीला डुलकी लागते, आणि खरं सांगू का, मलाही. तुझी खुशाली तेवढी वेचून घेतो, जशी ती भातातले खडे वेचते.

नव्या डब्याचा माणूस आला, बसवून गेला. मावशी बटण गळ्यात घालून मिरवते. काळजी नसावी.

बाकी तिचं काय सांगू? आता भिंत धरून चालते. स्वयंपाकघरातून न्हाणीघरापर्यंत भिंतीवर तिच्या हाताचा एक मळकट पट्टा उमटला आहे. मी रंग देतो म्हटलं तर म्हणाली, "राहू दे, वाट कळते." आमच्याकडे राहायला ये म्हटलं की ऐकू येत नसल्याचं सोंग करते. दुकान उघडण्याआधी आणि बंद केल्यावर मी एकेक फेरी मारतो. दुकानाचं म्हणशील तर लोक हल्ली चष्मासुद्धा घरबसल्या मागवतात. दिवसभर भिंगं पुसत बसतो.

एक मात्र बरं आहे. मावशीला एक मैत्रीण मिळाली आहे. न्याहारी झाली की दोघींच्या गप्पा होतात. आज काय केलं, गुडघा कुठे दुखतो, माझी बायको काय म्हणाली, सगळं तिला कळतं. ती बाईही विचारते, काल डॉक्टरकडे गेला होतात ना, काय म्हणाले? मावशी तिच्याशी बोलताना पदर सारखा करते, जशी काही ती समोरच बसली आहे.

तुझा बारक्या

२६ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

मावशीला मैत्रीण मिळाली हे वाचून फार बरं वाटलं. फोनवर बोलतात का? कोण आहे ती?

इथे मी तोंडाला फेस येईपर्यंत धावते आहे, पण पहिल्यांदाच काही जमलंसं वाटतं. जुन्या आणि नव्या यंत्रांना जोडणारी मधली खिडकी तयार झाली. केंद्रातल्या बायकांसमोर आता एकच पडदा आहे. घंटा जुन्या डब्यांच्या वाटेने आली की नव्या, हे त्यांना कळत नाही, कळायची गरजही नाही. मागे काहीही बदला, पुढचीला पत्ता लागत नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. नव्या डब्यात आधी शिस्तीत एक रेकॉर्ड केलेला आवाज बोलतो, निकड असेल तरच माणूस जोडून देतो. त्यामुळे बायकांचा गप्पांत जाणारा वेळ वाचला. मावशीला तो आवाज कसा वाटला?

आता उरली ती फक्त जुनी वाट. यादीप्रमाणे तिच्यावर कोणीही नाही, सगळ्यांना नवे डबे पोचले. पण जुने डबे भलते चिवट. अडगळीत पडलेला डबासुद्धा विजेला जोडलेला असला तर आपोआप "मी आहे" असा इशारा पाठवत राहतो. त्या वाटेवर गजबज दिसते, पण डब्यामागे माणूस आहे की नुसती धूळ, हे कळत नाही. घरोघर माणूस पाठवायला साहेब तयार नाहीत. आमच्या धंद्यात यावर एक जुना तोडगा आहे. एखादी गोष्ट कोणाला लागते हे कळत नसेल तर ती गुपचूप बंद करायची आणि कोण ओरडतं ते पाहायचं. कोणी ओरडलं की चालू करून द्यायची. कोणी नाहीच ओरडलं तर कायमची पुरायची. बैठकीत हे मीच सुचवलं. एक तारखेपासून जुनी वाट बंद.

साहेब हसून म्हणाले, नकाशेवाली बाई शेवटी आमच्यासारखी झाली. मीही हसले. खोलीवर आल्यावर ते तितकंसं आवडलं नाही. का, ते कळलं नाही.

मावशीला नमस्कार. ती भिंत रंगवू नकोस.

तुझी ताई

६ मार्च

ती. ताईस,

पत्र मिळालं. साहेबांनी नाव घेतलं तेवढं मावशीला वाचून दाखवलं. तिला फार आनंद झाला. समोरच्या बाईंना हाक मारून सांगितलं. बाकीची तुझी यंत्रं मी झाकून ठेवली, राग मानू नकोस.

मैत्रीण कोण हे विचारू नकोस, मावशीने शपथ घातली आहे. तू आलीस की तीच सांगेल आणि मग तू आम्हा दोघांना रागावशील. पण सध्या ती मैत्रीणच गप्प आहे. चार-पाच दिवस झाले, हाक मारली तरी ओ देत नाही. मावशी म्हणते, "रुसली असेल. मीच परवा फार बोलले, तिला दुसरी कामं नाहीत का?" दोन दिवस तोंड पाडून बसली होती. काल मला म्हणाली, माणसाला आपला कंटाळा आला की कळतं रे. मी म्हटलं, सुट्टीवर गेली असेल. तर म्हणाली, सुट्टीवर जाताना माणूस सांगून जातं.

सासूबाईंची तब्येत बरी नाही, म्हणून आम्ही दोघं उद्या तिकडे जातो आहोत. दोन दिवसांत परत येतो. समोरच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगणार होतो, पण मावशी म्हणाली, मला काय झालंय? आणि डबा आहेच.

तुझा बारक्या

२२ मार्च

ताई,

तू आलीस, दवाखान्यात चार दिवस बसलीस आणि परत गेलीस. आपण दोघं औषधं आणि जेवणाचे डबे एवढ्यापुरतंच बोललो. तोंडावर बोलता आलं नाही ते लिहितो.

आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी न्हाणीघराच्या दाराशी पडली. आम्ही परतलो ते त्याच्या पुढच्या दिवशी संध्याकाळी. तोवर ती तिथेच होती. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी झाली, लवकर आणलं असतं तर वाचा वाचली असती. हे तुझ्यासमोरही म्हणाले, तू मान खाली घातलीस. पण तुला माहीत नाही ते पुढे आहे.

तिच्या मुठीत बटण होतं. जुनं. नवा डबा तिच्या पलंगाखाली खोक्यात आहे. त्यातला आवाज तिने एकदाच ऐकला आणि म्हणाली, हा माझं ऐकत नाही, नुसता बोलतो. तुझा माणूस जुना डबा न्यायला पुन्हा येणार होता, तो आलाच नाही. मग मावशीने मला जुना डबा परत जोडायला लावला, मी जोडला. मी स्वतःच्या हाताने जोडला, ताई. तुला वाईट वाटू नये म्हणून ती मिरवते असं लिहिलं. तिची मैत्रीण म्हणजे तुमच्या केंद्रातली बाई. ती बोलेनाशी झाली तेव्हा मी डबा पाहिला होता. हिरवा दिवा लागलेला होता. म्हटलं, यंत्र ठीक आहे, निकडीला दुसरी कोणी बोलेल.

अपघात कक्षाबाहेरच्या बाकावर बसून मी तुझं २६ तारखेचं पत्र काढलं. पहिल्यांदा पूर्ण वाचलं. एक तारखेपासून बंद, असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतंस. लोकांना वाचायचे चष्मे मी देतो, आणि मला ते वाचायला दवाखान्याच्या बाकावर बसावं लागलं.

मी माझा दोष टाळत नाही. पण एक विचारतो. कोण ओरडतं ते पाहू म्हणालीस. जी माणसं फक्त त्या बटणानेच ओरडू शकत होती, ती कशाने ओरडणार होती?

ती अजून अंगठा हलवते. हातात काही नसतं, तरी हलवते. नर्स म्हणते, अशा पेशंटचे हात चाळवतात.

बारक्या

३० मार्च

प्रिय बारक्या,

तुझा प्रश्न मला कोणी बैठकीत विचारला नाही, मीही स्वतःला विचारला नाही. आम्ही विकतो ती वस्तूच मुळी आरोळी आहे. ती बंद करून आम्ही आरोळीची वाट पाहत बसलो होतो, आणि शांतता पसरली तेव्हा चहा मागवला.

तुझं सहा तारखेचं पत्र मला मावशी पडलेली असतानाच मिळालं. दुपारी डबा खाता खाता वाचलं. मैत्रीण रुसली असेल, यावर मला हसू आलं. एक तारखेपासून कोणीतरी गप्प झालं आहे, हे तू लिहिलं होतंस आणि मी हसून पत्र पर्समध्ये टाकलं. संध्याकाळी तुझा फोन आला. ओरडलं कोणीतरी होतं, बारक्या. तू ओरडला होतास, आणि मला ते गमतीचं वाटलं.

तुझं पत्र वाचल्यावर पहिलं काम जुनी वाट चालू करण्याचं केलं. पडद्यावर बटणं वाजायला लागली. मावशीसारखीच, नवा डबा बाजूला ठेवून जुन्याशी बोलणारी आणखी काही माणसं निघाली. एक आजोबा म्हणाले, मला वाटलं तुमची कंपनी बुडाली, म्हणून बोलायचं सोडून दिलं. त्यांना काही झालेलं नव्हतं. नुसतं नशीब.

मावशीशी बोलणाऱ्या बाईंना शोधून काढलं. नोकरीला लागल्यापासून त्यांच्या खुर्चीमागून रोज जाते, त्यांचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. त्या म्हणाल्या, "मला वाटलं भाच्याकडे राहायला गेल्या असतील. गेल्या तर बरंच झालं, असं वाटलं." आणि मग माझ्यासमोरच रडल्या. मावशीची तक्रार आठवली आणि मी त्यांना सांगून टाकलं की मावशीला वाटलं तुम्ही रुसलात. हे सांगायला नको होतं.

मला काही झालं नाही. हेच तुला सांगायचं आहे. साहेब म्हणाले, यादी चुकली, माणूस चुकला नाही. पगार तोच, खोली तीच, भिंतीवरचे कागद तेच. मी शिक्षा मागायला गेले होते आणि सहानुभूती घेऊन आले.

एक नियम मात्र भांडून घालून घेतला. ज्यांना रोज बटण दाबायची सवय आहे, त्यांचं बटण एक दिवस जरी गप्प राहिलं तरी केंद्रातून आपण होऊन हाक जाईल. उत्तर आलं नाही तर माणूस जाईल. आणि मी बांधलेल्या रचनेचा गुण असा की हा खण बसवायला आठवडाही लागला नाही. इतकं सोपं होतं. फेब्रुवारीतही इतकंच सोपं असतं.

मावशीला घरी आणलंस की तिच्या अंगठ्याखाली ते बटण दे. डबा चालू आहे.

तुझी ताई

१५ एप्रिल

प्रिय बारक्या,

तुझं पत्र नाही. फोन केला की वहिनी उचलते, मावशीचं सांगते आणि तुझं विचारलं की दुकानात आहेत म्हणते. सुट्टीच्या दिवशीही दुकानात आहेत म्हणते.

मावशीला घरी आणलं आणि तुम्ही दोघं तिथेच राहायला गेलात, हे वहिनीकडून कळलं.

तू गप्प आहेस म्हणजे तुझं बरं चाललं आहे, असं मी धरणार नाही. तू रागावला आहेस असंही धरणार नाही. काहीच न धरता रोज विचारत राहीन.

तुझी ताई

२४ एप्रिल

ताई,

तू रागाचं धरलं असतंस तरी चूक नव्हती. दोन पत्रं लिहिली होती, ती पोस्टात टाकली नाहीत. तुला लागावं म्हणूनच लिहिली होती आणि वाचताना मलाच लागली.

मावशी तिच्याच पलंगावर आहे. उजवी बाजू गेली. वाचा नाही. डोळे मात्र माझ्यामागे खोलीभर फिरतात. पेज भरवली तर दोन चमचे घेते. भिंतीवरचा तो पट्टा तिच्या नजरेसमोर येतो, म्हणून पलंग फिरवायला गेलो, तर तिने डाव्या हाताने माझी बाही धरली. पलंग होता तसा ठेवला.

तू लिहिल्याप्रमाणे बटण तिच्या डाव्या अंगठ्याखाली दिलं. पहिल्या दिवशी नुसतं धरून बसली. दाबायला तयारच नाही, मग मला कळलं की ती घाबरते आहे. पुन्हा कोणी बोललं नाही तर? मी तिच्या अंगठ्यावर अंगठा ठेवून दाबलं. डब्यातून आवाज आला, "बोला मावशी."

तिने पदर सारखा करायला हात उचलला, ताई. ओठ हलले, काही आलं नाही. नुसती घरघर. मी सांगणार होतो की त्यांना आता बोलता येत नाही, तेवढ्यात त्या बाई म्हणाल्या, "नाही बोललात तरी चालेल. मी आहे. मी रुसले नव्हते, मावशी. मला तुमचा आवाज पोचतच नव्हता."

आता रोज न्याहारीनंतर ती बटण दाबते. त्या बाई चार गोष्टी सांगतात, आपल्या मुलाच्या, बसच्या, कुठल्याशा गळक्या नळाच्या. मावशी डोळे मिटून ऐकते. मी दुसऱ्या खोलीत जाऊन भांडी घासतो, कारण मला तिथे उभं राहवत नाही.

तुला अजून माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. आधी कोणाचा नंबर लागतो ते बघू.

बारक्या

११ मे

ताई,

हे पत्र टाकायचं नाही. तू गाडीत बसली असशील, आल्यावर तुझ्या हातात देईन. निकडीला फोन आणि बाकी सगळं कागदावर, हा मावशीचा नियम. निकडीचं ते फोनवर सांगून झालं. हे बाकीचं.

काल तिने बटण दाबलं नाही. पेजही घेतली नाही. मी डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. आज सकाळी मी तिचे केस विंचरत होतो. एका बाजूचे झाले, दुसऱ्या बाजूला वळवायला मान धरली तेव्हा कळलं. दुसऱ्या बाजूचेही विंचरून घेतले. बायकोला हाक मारायचं सुचलं नाही, तुला फोन करायचंही सुचलं नाही. तसाच फणी हातात धरून बसलो होतो.

तेवढ्यात डबा बोलला. कोणी बटण दाबलं नव्हतं. तुझा तो नवा नियम असावा. "मावशी, कालपासून तुमची घंटा नाही. सगळं ठीक आहे ना? बोलू नका, नुसतं एकदा दाबा."

वाटलं, उत्तर दिलं नाही तर अजून काही झालेलंच नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. मग म्हणाल्या, "मी लाइनवर थांबले आहे. तुम्ही दाबेपर्यंत थांबते." आणि खरंच थांबल्या. डब्यातून त्यांच्या मागच्या खोलीतला आवाज येत होता, खुर्च्यांचा, दुसऱ्या कुणाच्या बोलण्याचा. शेवटी मीच म्हटलं, "मी त्यांचा भाचा बोलतोय. मावशी गेली."

मावशी गेल्याचं मी सगळ्यात आधी त्यांना सांगितलं, ताई. बायकोला नंतर, तुला त्याच्याही नंतर. तुला हे लागेल. पण विचारायला आधी त्या आल्या, आणि त्यांना तू पाठवलं होतंस, हे मला भांडी आवरताना उमगलं.

त्यांनी विचारलं, आता डब्याची नोंद बंद करायची का? मी नको म्हटलं. म्हटलं, माझी बहीण यायची आहे.

हिरवा दिवा लागलेला आहे. तू आलीस, तिला पाहिलंस, की आपण दोघं बटण दाबू, त्या बाईंना सांगू आणि मग बंद करू.

बारक्या